बुडीत गावातलं नाटक कुणी करायचं?

पत्राचा सारांश: सह्याद्रीतल्या एका खोऱ्यातून चोविशीतल्या एका तरुणीचं पत्र आलं आहे. नियोजित धरणाच्या बुडीत क्षेत्रात त्यांचं गाव येतं. मोजणीच्या खुणा पडल्या आहेत आणि दोन-अडीच महिन्यांत जनसुनावणी लागेल असं तालुक्यात बोललं जातंय. गेल्या ग्रामसभेत त्या बोलायला उठल्या, पण घसा दाटून आला आणि दोन वाक्यांतच खाली बसल्या. कॉलेजात पथनाट्यं केली तेव्हा असं कधी झालं नव्हतं, म्हणून गावात नाटक बसवावं असं त्यांच्या मनात आहे. शहरातला एक नाट्यगट तयार संहिता आणि कलाकार घेऊन यायला राजी आहे. गावातल्यांना मात्र 'नाटकातलं काही कळत नाही'. जाणती माणसं म्हणतात, नाटकं करून धरणं थांबत नाहीत. वडील मोबदला घेऊन मोकळं व्हावं या मताचे आहेत, आणि मुलगी चौकात नाटक करणार म्हटल्यापासून त्यांनी तिच्याशी बोलणं टाकलंय. त्या विचारतात: हे करावं का? केलं तर मी वडिलांच्या विरोधात उभी राहिले असं होईल का?

नाटक जरूर करा. मात्र तुमच्या पत्रात ज्या नाटकाचा विचार दिसतो, त्यापेक्षा वेगळं करा.

तुम्ही असं धरून चालला आहात की गावाचं म्हणणं ठरलेलं आहे आणि ते बाहेरच्यांपर्यंत पोचवायला नाटक हवं. पत्रावरून तरी गावाचं म्हणणं ठरलेलं दिसत नाही. तुमच्या एकाच घरात दोन मतं आहेत. ग्रामसभेत तुम्ही अडखळलात, पण त्या दिवशी आणखी किती बाया बोलल्या, भूमिहीनांपैकी कोण उठलं, याचा पत्रात उल्लेखच नाही. तेव्हा या नाटकाचा पहिला प्रेक्षक तुमचं गावच असायला हवं. पुण्या-मुंबईतल्या टाळ्या आणि मोबाइलवर फिरणारा व्हिडिओ नंतर बघता येईल.

जाणत्या माणसांचं म्हणणं झिडकारू नका, ते खरंच आहे. १९२१ साली मुळशीत सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली एवढा मोठा सत्याग्रह झाला, तरी धरण बांधलं गेलंच. पण याच इतिहासाची दुसरी बाजूही त्यांना दाखवा. कोयना धरणासाठी माणसांना गावं सोडावी लागली तेव्हा राज्यात पुनर्वसनाचा कायदाच नव्हता, आणि त्यांच्या नातवंडांना आजही जमिनीसाठी कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागतात. पहिला पुनर्वसन कायदा १९७६ सालचा, त्यानंतर १९८६ आणि १९९९ चे कायदे आले. 'आधी पुनर्वसन, मग धरण' ही मागणी धरणग्रस्तांनी वर्षानुवर्षं मोर्चे आणि ठिय्ये करून लावून धरली. धरण होणं किंवा न होणं या दोन टोकांच्या मध्ये ठरण्यासारखं पुष्कळ असतं: पाणी कुठपर्यंत येणार, कुणाची नोंद होणार, जमीन आधी की घळभरणी (धरणाची शेवटची फट बुजवून पाणी अडवणं) आधी, गावठाण कुठे. त्यातलं बरंचसं नोंदीवर कोण काय बोललं यावर ठरतं. म्हणून तुमच्या नाटकाचं काम जनसुनावणीपासून सुरू करा.

सुनावणीचे नियम गावात फार थोड्यांना ठाऊक असतात. प्रकल्पाला पर्यावरणीय मंजुरी लागत असेल, तर २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणी घ्यावी लागते. किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रांत सूचना द्यावी लागते आणि प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल हे सांगणाऱ्या मूल्यांकन अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही उपलब्ध ठेवावा लागतो. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा किमान अपर जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी असतो, सगळ्याचं चित्रीकरण होतं आणि शेवटी कामकाजाचा गोषवारा लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवायचा असतो. गणपूर्तीची, म्हणजे किमान अमुक माणसं हजर हवीत अशी, अट नाही. म्हणजे रागारागात अख्ख्या गावानं बहिष्कार टाकला तरी सुनावणी झाली असंच धरलं जातं. आणखी एक बारकावा: २०१३ च्या भूसंपादन कायद्यात सामाजिक परिणाम मूल्यांकन आहे, पण पर्यावरण आघात मूल्यांकन लागणाऱ्या सिंचन प्रकल्पांना त्यातून वगळलं आहे. तुमच्या धरणाचं असं असेल, तर तोंडानं बोललेलं सरकारी नोंदीत जाण्याची मोठी संधी हीच. तिथे शहरातला कलाकार तुमच्या वतीनं बोलून भागणार नाही. ज्या बाईचं घर बुडणार, तिलाच माईकपाशी जावं लागेल.

यासाठी नाटकाची एक रीत फार उपयोगी आहे. ब्राझीलच्या आगुस्तो बोआल यांनी १९७० च्या दशकात ती घडवली, आणि पश्चिम बंगालच्या खेड्यांत १९८५ साली सुरू झालेली 'जन संस्कृती' ही संस्था पुढे तिच्यावर काम करू लागली. आधी वीस मिनिटांचा प्रवेश सरळ करून दाखवायचा, त्यात मुख्य पात्र हरतं. मग तोच प्रवेश पुन्हा सुरू करायचा. आता प्रेक्षकांतलं कुणीही 'थांबा' म्हणू शकतं, उठून त्या पात्राची जागा घेऊ शकतं आणि वेगळं काही करून बघू शकतं.

तुमच्यासाठी प्रवेश असा मांडता येईल. सुनावणीचं टेबल, मागे तीन खुर्च्या. समोर एक विधवा बाई. तिचं नाव सात-बारावर नाही, जमीन दिराच्या नावावर, राबते ती. ती उठते. साहेब शांतपणे म्हणतात, "ताई, विषयावर बोला." ती गोंधळते. "लेखी द्या, आम्ही नोंद घेऊ." मागून गावातलाच एकजण म्हणतो, "तू बस गं, तुझं कुठं शेत आहे?" ती बसते. पहिली फेरी इथे संपते. दुसऱ्या फेरीत कुणी तिच्या जागी येऊन ओरडेल, कुणी रडेल, कुणी कागद मागेल. कुणी म्हणेल, "माझं बोलणं लिहून घ्या आणि काय लिहिलंत ते वाचून दाखवा." प्रत्येक प्रयत्नानंतर सूत्रधारानं लोकांनाच विचारायचं: असं खरंच घडेल? साहेब यावर काय म्हणतील?

या खेळाला तीन पथ्यं लागतात. बदली फक्त दबलेल्या पात्राची. साहेबाच्या जागी कुणी गेलं की तो एकदम दयाळू होतो आणि खेळ संपतो. दुसरं, साहेब मूर्ख किंवा राक्षस दाखवू नका. तो सभ्य, घाईतला, नियम जाणणारा असू द्या. ओरडणाऱ्या साहेबाला उत्तर देणं सोपं असतं, गोड बोलून पुढच्याला बोलावणाऱ्याला देणं अवघड. सुनावणीत भेटेल तो बहुधा दुसराच, म्हणून सराव त्याच्यासमोर व्हायला हवा. तिसरं, सूत्रधारानं शिकवायचं नाही. तुम्ही सूत्रधार झालात तर हे तुम्हाला जड जाईल, कारण उत्तर आपल्याला ठाऊक आहे असं वाटत असतं. एका बाजूला वही घेऊन कुणाला तरी बसवा. लोकांच्या तोंडून जे ठाम वाक्य निघेल ते त्याच शब्दांत उतरवून घ्या, सुनावणीतली निवेदनं त्यातूनच तयार होतील.

आता तुमच्या घशाबद्दल. 'मला आवाज नाही' असं तुम्ही लिहिलंय, पण कॉलेजात तो होता. फरक एवढाच की तिथे शब्द दुसऱ्याचे होते आणि इथे नुकसान तुमचं. स्वतःचं दुःख थेट 'मी' म्हणून सांगताना श्वास वर चढतो, छातीत अडकतो आणि गळा आवळतो. त्यामुळे सुरुवात दुसऱ्याच्या गोष्टीपासून करा. जोड्या पाडा. एकीनं दुसरीला पाच मिनिटं आपली गोष्ट सांगायची: कोणतं शेत, कोणतं झाड, कशाची भीती. मग ऐकणारीनं ती सगळ्यांसमोर 'मी' म्हणून सांगायची. जिची गोष्ट आहे तिनं फक्त ऐकायचं. चार-पाच बैठकींनंतर पुष्कळ जणी आपण होऊन म्हणतात, आता माझं मीच सांगते. ज्यांना तसं वाटणार नाही त्यांना ढकलू नका. गोष्ट वापरण्याआधी परवानगी घ्या, आणि प्रयोगाच्या सकाळपर्यंत ती परत घेण्याची मुभा ठेवा. नवऱ्याची मारहाण, भावकीतलं भांडण असं काही निघालं तर ते बैठकीतच राहू द्या.

आवाजाचा सराव वेगळा, रोज वीस मिनिटं. दोघींनी पाच पावलांवर उभं राहून एक वाक्य बोलायचं, मग दहा, वीस, चाळीस पावलांवर. ऐकणारीनं वाक्य जसंच्या तसं परत म्हणायचं. बहुतेकींचं शेवटचं अक्षर हरवतं, आणि मराठीत ते महागात पडतं, कारण क्रियापद आणि नकार दोन्ही वाक्याच्या शेवटी येतात. 'आम्ही जमीन देणार नाही' यातला 'नाही' खाली गेला तर चाळीस पावलांवरच्या माणसाला 'देणार' एवढंच कळतं. श्वास पोटातून घ्या, वाक्य सात-आठ शब्दांचं ठेवा आणि शेवटच्या शब्दाला दम शिल्लक ठेवा. ओरडू नका, ओरडल्यानं आवाज चिरका होतो, दूर जात नाही, आणि तिसऱ्या प्रयोगापर्यंत बसतो. सभेत उठण्याआधी पहिलं वाक्य पाठ असावं. उठायचं, दोन्ही पाय टेकवायचे, श्वास सोडायचा, मग बोलायचं. घाईनं उठून श्वास कोंडलेला असतानाच बोलायला लागलं की घसा दाटतो.

गावातल्यांना नाटक कळत नाही, हे मला पटत नाही. तुमच्या खोऱ्यात भजनी मंडळ असेल, भारुडं होत असतील, यात्रेत वग बघितलेली माणसं असतील, नागपंचमीचे फेर धरणाऱ्या बाया असतील. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकरांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक उभं केलं, तेव्हा तमाशाचाच साचा कामगारांच्या प्रश्नांसाठी वापरला. त्यातली बतावणी तुमच्या फार कामाची आहे. एकजण शहाणा, एकजण भाबडा, आणि भाबड्याच्या प्रश्नांतून अवघड गोष्ट उलगडत जाते. 'पूर्ण संचय पातळी', म्हणजे धरण पूर्ण भरल्यावर पाणी जिथवर चढतं ती रेघ, भाषणातून कुणाला समजत नाही. चौकात फक्कीनं एक रेघ मारा. भाबडा विचारत जातो: घर कुठं? रेघेच्या वर. शेत कुठं? खाली. मग खायचं काय? आणि वरच्या वाडीचा रस्ता? तोही खाली. घर बुडत नाही पण शेत आणि वाट बुडते, अशी कुटुंबं मोजणीतून सुटण्याचा धोका सगळ्यात जास्त असतो. पाच मिनिटांच्या बतावणीत प्रेक्षकांतला प्रत्येकजण आपण रेघेच्या कुठल्या बाजूला आहोत ते शोधायला लागेल.

आकड्यांबाबत मात्र कडक राहा. नाटकातला प्रत्येक आकडा कागदावरून घेतलेला हवा: पाण्याची पातळी, गट क्रमांक, बाधित कुटुंबं. एक आकडा फुगवलेला निघाला की सगळं नाटक 'भडकवणं' ठरतं. माहिती अधिकारात उत्तर द्यायला ३० दिवसांची मुदत असते, म्हणून अर्ज तालमी सुरू करण्याआधीच टाका. जमीन थेट खरेदीनं घेणार की २०१३ च्या कायद्यानं, हेही त्यात विचारा, कारण पुढचे हक्क त्यावर अवलंबून आहेत.

शहरातल्या गटाला नाही म्हणू नका, त्यांच्याकडून दुसरं काही मागा. दोन दिवसांचं शिबिर घ्यायला सांगा: आवाज, शरीर, वर्तुळात फिरणं, सूत्रधाराची तयारी. संहिता नको. तयार संहितेत गाव नेहमी एकमुखी असतं, भाषा प्रमाण असते, आणि शेवटी मूठ वर करून घोषणा होते. गावकरी ते कौतुकानं बघतील आणि पांगतील. संवाद तुमच्या खोऱ्याच्या बोलीतच राहू द्या. शहरात प्रयोग करायचे असतील तर ते त्यांनी सुनावणीनंतर करावेत, गावानं मंजूर केलेल्या गोष्टींवर.

वडिलांचा प्रश्न मी शेवटाकडे ठेवला, कारण नाटकाचा दर्जाही त्यावरच ठरणार आहे. ते असं का म्हणतात, हे तुम्ही लिहिलेलं नाही. विचारलंय का? भूसंपादनाची प्राथमिक अधिसूचना निघाली की त्या जमिनीचे व्यवहार थांबतात आणि तिच्यावर बोजा चढवता येत नाही, म्हणजे कर्जही अडतं. धरणाची नुसती चर्चा सुरू झाली तरी माणसं नवी विहीर खोदत नाहीत, घराला खोली वाढवत नाहीत, त्या गावात मुली द्यायला कचरतात. दहा-दहा वर्षं असं टांगून राहण्यापेक्षा पैसे घेऊन सुटावं असं वाटणाऱ्या माणसाला लोभी म्हणता येत नाही. लढणाऱ्यांना शेवटी कमी मिळेल ही भीतीही असते. हे सगळं तुमच्या नाटकात पूर्ण ताकदीनं आलं पाहिजे. मोबदला मागणारा बाप रंगवायचा तर त्याला सगळ्यात चांगला नट द्या आणि त्याचे मुद्दे खोडून काढू नका. तो हास्यास्पद झाला तर अर्धं गाव उठून जाईल, आणि उरलेल्या अर्ध्याला नाटकाची गरज नाही. मात्र त्याच्या तोंडीसुद्धा प्रश्न द्या: पैसे कुणाच्या खात्यात येणार? बहिणींचा हिस्सा? पर्यायी जमीन मिळते की नुसती रक्कम? नव्या गावठाणात अठरा नागरी सुविधा आधी होणार की माणसं आधी नेणार? सुटायचं असेल त्यालाही हे प्रश्न सुनावणीत विचारावेच लागतील. तिथे तुम्ही दोघं एकाच बाजूला आहात, आणि घरात बोलणं सुरू करायला ही जागा चांगली आहे. त्यांची गोष्ट नाटकात घ्यायची असेल तर आधी त्यांची परवानगी घ्या. ते नाही म्हणाले तर घेऊ नका.

तालमीसाठी पाच आठवडे धरा, एक दिवसाआड दोन तास, लावणीचे दिवस टाळून. पहिला आठवडा-दीड आठवडा नुसत्या गोष्टी ऐकण्यात जाईल, तो वाया गेला असं समजू नका. मग सुचतील तसे प्रसंग उभे करा, त्यातले तीनच ठेवा. सहा ते आठ माणसं पुरतात. दहाच्या वर गेलं की रोज कुणीतरी गैरहजर राहतं. प्रत्येक पात्र दोघींना येत असावं. लहान मुलांना घेऊ नका. संवाद लिहून पाठ करायला देऊ नका, प्रसंगाचे टप्पे लक्षात ठेवायला सांगा, नाहीतर एक ओळ विसरली की सगळा डोलारा थांबतो. पहिला प्रयोग लहान वाडीत करा आणि चुका तिथे काढा.

जागा निवडताना पाठीशी शाळेची किंवा देवळाची भिंत घ्या, आवाज परत येतो. वारा नटांकडून प्रेक्षकांकडे वाहत असावा. खेळायला पंचवीसेक फुटांचं अर्धवर्तुळ, पहिल्या तीन रांगा जमिनीवर बसलेल्या, बाकीचे मागे उभे. दोनशेच्या वर माणसं गेली तर उघड्यावर विनामाईक भागत नाही. हलगी माणसं गोळा करायला वाजवा, संवादांखाली नको. बायका यायला हव्या असतील तर जेवणं उरकल्यावरची वेळ धरा, पण ध्वनिवर्धक रात्री दहानंतर चालत नाही आणि त्याला लेखी परवानगी लागते. दारू पिऊन मध्ये येणारा एकजण बहुधा असतोच. त्याला अडवून धरण्यापेक्षा सूत्रधारानं एक प्रश्न विचारून, उत्तर ऐकून, बसवणं बरं.

सुरक्षेत कसूर नको. १ जानेवारी १९८९ ला साहिबाबादजवळच्या झंडापूरमध्ये पथनाट्य चालू असताना सफदर हाश्मी यांच्या पथकावर हल्ला झाला आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. शहराला लागून, दिवसाउजेडी, लोकांसमोर हे घडलं. म्हणून वर्तुळाबाहेर लक्ष ठेवणारी दोन माणसं कायम हवीत, आणि परगावी प्रयोग असेल तर तिथलं एखादं घर आधीपासून सोबत हवं. ग्रामपंचायतीला आणि पोलीस ठाण्याला लेखी अर्ज द्या, पोच घ्या. त्या काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली किंवा नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली जमावबंदी आहे का, ते विचारून ठेवा. मोजणी चालू असलेल्या जागी प्रयोग करू नका, शासकीय कामात अडथळ्याचा गुन्हा तिथेच लागतो. खऱ्या अधिकाऱ्याचं किंवा दलालाचं नाव घेऊ नका. चित्रीकरण केलंत तर गावाला विचारल्याशिवाय बाहेर पाठवू नका. व्हिडिओत बोललेल्या बाईला दुसऱ्या दिवशी त्याच गावात पाणी भरायला जायचं असतं.

प्रयोग संपला की लोकांना लगेच सोडू नका. अर्धा तास बसा, वहीत उतरवलेली वाक्यं वाचून दाखवा, ज्याचं वाक्य त्याच्या नावावर कागदावर घ्या, सही किंवा अंगठा घ्या. सुनावणीत तोंडानं बोलायचं आणि हा कागदही द्यायचा, पोच घेऊन. पुढे २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम ११ ची प्राथमिक अधिसूचना निघाली, तर प्रसिद्धीपासून ६० दिवसांत कलम १५ खाली लेखी हरकत घेता येते आणि समक्ष सुनावणी मागता येते. ती तारीख चुकली तर कितीही चांगला प्रयोग ती परत आणू शकत नाही. म्हणून पथकातल्या एकीला नाटकात कामच देऊ नका. तिनं फक्त तारखा, अर्ज आणि पोचपावत्या सांभाळायच्या.